आयकॉनवरचं कुलूप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ न झेपणारे घरोघरचे लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. लॅमिंग्टन रोडवर विकायला नेलं तर मिळणारी रक्कम ऐकूनच माणूस लॅपटॉप परत घरी आणतो. मग कुणाचा तरी भाचा त्यावर विंडोजच्या जागी लिनक्सची प्रणाली, म्हणजे लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू, टाकून देतो. मशीन पुन्हा पळायला लागतं. तक्रारी मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात आणि त्या बहुतेक एकाच कुळातल्या असतात. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं तर प्रोग्रॅम सुरू होण्याऐवजी भलत्याच ओळींची मजकूर-फाइल उघडते. एखाद्या फोल्डरच्या कोपऱ्यात इवलंसं कुलूप दिसतं. जुन्या हार्ड डिस्कवरच्या फोटोचं नाव बदलायला गेलं की 'परवानगी नाकारली'. लॅपटॉप माझा, फोटो माझे, आणि परवानगी कुणाची मागायची?

भाचा इंटरनेटवर शोधतो आणि त्याला दोन जालीम उपाय सापडतात. एक, सगळ्या फाइलींना '७७७', म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊन टाकणं. दोन, फाइली-फोल्डरं दाखवणारा फाइल मॅनेजरच 'सुडो' लावून, म्हणजे सर्वाधिकार घेऊन उघडणं. दोन्हींनी त्या घटकेला काम भागतं, म्हणूनच ते इतके पसरले आहेत. माझ्या मते लिनक्सवरच्या परवानग्यांच्या निम्म्या भानगडी या दोन उपायांनीच जन्माला घातलेल्या असतात. त्यांच्याकडे वळू, पण आधी नकार देतो कोण आणि कशाच्या आधारावर, ते पाहू.

लिनक्स १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने लिहायला घेतलं, पण त्याची घडण युनिक्सची आहे. युनिक्सचा जन्म १९६९ मधला, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. त्या काळी एक संगणक आणि त्याला टर्मिनलं जोडून बसलेली अनेक माणसं अशी व्यवस्था असे. एकाची फाइल दुसऱ्याने चुकून पुसू नये, हा तिथे रोजचा प्रश्न होता. म्हणून प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट चिकटवला गेला, आणि मालक, गट, इतर या तिघांसाठी वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन-तीन हक्क ठरले. तीन त्रिक नऊ. या नऊ बिटांवर, म्हणजे हो-नाही अशा नऊ खुणांवर, आजही सगळा कारभार चालतो. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे आकडे दिले की बेरजेतून हक्क कळतात. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं. ७५५ मध्ये मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. ७७७ म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा.

तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही एकटेच असलात तरी संगणकाच्या लेखी तुम्ही एकटे नसता. छपाई, नेटवर्क, आवाज अशी कामं सांभाळणाऱ्या सेवांसाठी डझनांनी वापरकर्ते आधीच नोंदवलेले असतात. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. रूट या सर्वाधिकाऱ्याचा क्रमांक ०, आणि इन्स्टॉल करताना तयार झालेल्या पहिल्या माणसाचा बहुतेक ठिकाणी १०००. फाइलीवर मालकाचं नाव नसतं, हा क्रमांक असतो. हे लक्षात ठेवा, हार्ड डिस्कच्या वेळी लागेल.

तपासणीची एक गंमत फार थोड्यांना माहीत असते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आधी विचारतो, मागणारा मालक आहे का? असेल तर फक्त मालकाचे तीन बिट बघितले जातात आणि निकाल लागतो. मालकाला वाचायचा हक्क नाही आणि इतरांना आहे, अशी चमत्कारिक फाइल तयार केली तर साऱ्या जगाला ती वाचता येते आणि मालकाला नाही.

खरा गोंधळ मात्र फोल्डरच्या हक्कांमध्ये होतो. फोल्डर म्हणजे फाइली भरलेली पेटी अशी आपली समजूत असते, पण लिनक्समध्ये तो सोसायटीच्या जिन्याखालच्या नावांच्या पाटीसारखा असतो. पाटीवर नाव आणि खोली नंबर एवढंच. घर वेगळीकडे. फोल्डरचा 'वाचणे' हक्क म्हणजे पाटी वाचायची मुभा. 'लिहिणे' म्हणजे पाटीवर नाव रंगवायची किंवा पुसायची मुभा. आणि 'चालवणे', जो फोल्डरच्या बाबतीत अगदीच विचित्र वाटतो, म्हणजे जिना चढून आत जायची मुभा. आता कोडी सुटतात. फाइल पुसणं म्हणजे पाटीवरचं नाव पुसणं. त्यासाठी फाइलीवर नाही, फोल्डरवर लिहायचा हक्क लागतो. म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची फाइल असली तर तुम्हाला ती उघडून बदलता येत नाही, पण पुसता बेधडक येते. उलट, तुमचीच फाइल दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये असेल तर आतला मजकूर बदलता येतो, नाव बदलता येत नाही. सगळ्यांना लिहायला मोकळ्या असलेल्या 'टेम्प' फोल्डरवर म्हणूनच एक जादा खूण असते, स्टिकी बिट. ती असली की ज्याचं नाव त्यानेच पुसावं, नाहीतर फोल्डरच्या मालकाने किंवा रूटने.

जिना चढायचा हक्क वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागतो. घरात ताईचं एक खातं आणि दादाचं एक असेल, आणि दादाच्या डेस्कटॉपवरच्या आयकॉनचं चित्र ताईच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असेल, तर चित्राच्या परवानग्या कितीही सढळ असोत, दादाला तिथे सर्वसाधारण राखाडी आयकॉनच दिसतो. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांची घरची फोल्डरं ७५० केली, म्हणजे इतरांना दारच बंद. त्याआधी ती ७५५ असत. 'आधीच्या आवृत्तीत चालत होतं' या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

आता कुलपाकडे. फाइल मॅनेजर कुलूप दाखवतो तेव्हा अर्थ बहुधा इतकाच की तुम्हाला इथे लिहिता येणार नाही. फुलीचं चिन्ह असेल तर वाचताही येणार नाही. उजवं क्लिक करून गुणधर्मांमधलं परवानग्यांचं पान उघडलं की मालक कोण ते दिसतं. जुन्या लिनक्स मशीनची डिस्क नव्या मशीनला जोडली तर तिथे एखादं अनोळखी नाव किंवा नुसता आकडा असतो. जुन्या मशीनवर तुम्ही १००१ होता, इथे १००० आहात, आणि कर्नलला तुमचं आडनाव माहीत नाही. इथे 'सीएचओन' (chown) ही मालकी बदलणारी आज्ञा त्या डिस्कवरच्या तुमच्या फोल्डरपुरती वापरणं हाच योग्य इलाज.

पण डिस्क विंडोजची असेल तर हा इलाज लागूच नाही. पेन ड्राइव्हवर सहसा दिसणाऱ्या फॅट-३२ आणि एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये मालक, गट आणि नऊ बिट लिहून ठेवायला जागाच नाही. लिनक्स डिस्क जोडताना सगळ्या फाइलींचा मालक अमुक, परवानग्या तमुक असं एकदाच ठरवून टाकतं. त्यामुळे परवानगी बदलणारी 'सीएचमॉड' (chmod) ही आज्ञा देत राहिलात तरी काहीही हलत नाही. आणि विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर अचानक काहीच लिहिता येईनासं झालं, तर परवानग्यांचा विचारच करू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डिस्क आपल्या ताब्यात असल्याची खूण ठेवून जातं. लिनक्स ती खूण पाहून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. त्यात शहाणपण आहे, नाहीतर दोघांच्या लिखाणात फाइलींचा चुथडा होईल. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करायची आणि नीट शट डाउन करायचं.

राहिला डेस्कटॉपवरचा आयकॉन. तो म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, 'डेस्कटॉप' असं शेपूट असलेली चार ओळींची साधी मजकूर-फाइल. नाव काय दाखवायचं, चित्र कोणतं, आणि क्लिक केल्यावर कोणती आज्ञा चालवायची, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. नाव आणि चित्र वाट्टेल ते देता येतं, आणि इथेच धोका आहे. २०१७ मध्ये नॉटिलस या फाइल मॅनेजरमधली नेमकी हीच फट नोंदली गेली. फाइलीचं दिसणारं नाव 'पीडीएफ' असं संपतं, आणि प्रत्यक्षात क्लिक केल्यावर हल्लेखोराची आज्ञा चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये सायबरसुरक्षा संशोधकांनी भारतातल्या सरकारी यंत्रणांवरच्या अशाच हल्ल्याचे तपशील प्रसिद्ध केले. ईमेलमधून झिप फाइल यायची, तिच्यात पीडीएफचं सोंग घेतलेली डेस्कटॉप-फाइल, आणि लक्ष्य होतं सी-डॅकने तयार केलेलं बॉस लिनक्स. संशय येऊ नये म्हणून एक पीडीएफ उघडून दाखवायचीही व्यवस्था होती.

तेव्हा आयकॉन मजकूर म्हणून उघडतो तो बिघाड नव्हे, ती सावधगिरी आहे. नऊ बिटांपलीकडे इथे 'विश्वास' नावाची आणखी एक नोंद लागते. उबुंटूत आधी गुणधर्मांमध्ये जाऊन फाइल चालवायची परवानगी द्यायची आणि मग उजव्या क्लिकच्या यादीतून 'चालू करू द्या' या अर्थाचा पर्याय निवडायचा. विश्वासाची नोंद फाइलीच्या आत नसते, तुमच्या खात्यात वेगळी ठेवली जाते. म्हणून चालू असलेला आयकॉन पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या लॅपटॉपवर नेला की तो पुन्हा अनोळखी होतो. आणि भाच्याच्या पहिल्या जालीम उपायाची फजिती इथेच होते. इतरांनाही लिहिता येईल अशी डेस्कटॉप-फाइल उबुंटूचा डेस्कटॉप चालवायलाच नकार देतो, कारण कुणीही तिच्यातली आज्ञा बदलू शकतं. ७७७ दिलं की आयकॉन हमखास बंद.

याच उपायाचं मोठं रूप जास्त महाग पडतं. वैतागून कुणी संपूर्ण प्रणालीवरच आतपर्यंत ७७७ चालवतं. मग दूरच्या मशीनशी जोडणारा एसएसएच तुमची खाजगी किल्ली उघडी पडल्याचं सांगून ती नाकारतो. त्याहून वाईट म्हणजे खुद्द सुडो बंद पडतो. साध्या माणसाला सुडो तात्पुरता रूट बनवू शकतो तो नऊ बिटांच्या पलीकडच्या एका बिटामुळे. त्याचं नाव सेटयूआयडी. हा प्रोग्रॅम, चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालव, असं तो बिट सांगतो. ही कल्पना युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची. १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं आणि ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. सरसकट ७७७ दिलं की तो बिट पुसला जातो. दुरुस्तीला सुडो हवा आणि सुडोलाच दुरुस्ती हवी, अशी अवस्था होते. मग रिकव्हरी मोड, नाहीतर पुन्हा भाचा.

सुडो लावून फाइल मॅनेजर उघडण्याचा त्रास उशिरा कळतो. रूट म्हणून उघडलेल्या खिडकीत नवं फोल्डर केलं की ते रूटचं होतं. काही आवृत्त्यांत मॅनेजर स्वतःच्या सेटिंगच्या फाइलीही तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये रूटच्या नावाने लिहून ठेवतो. नंतर डेस्कटॉपचं चित्र बदललं तरी ते टिकत नाही. लॉगिनशी संबंधित लपलेली 'एक्स-ऑथॉरिटी' फाइल रूटची झाली, तर बरोबर पासवर्ड देऊनही पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर येता. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकूर-टर्मिनलमध्ये शिरायचं आणि घरच्या फोल्डरची मालकी स्वतःकडे परत घ्यायची. खरोखरच रूटच्या फोल्डरमध्ये काही करायचं असेल तर मिंटच्या नेमो मॅनेजरमध्ये 'रूट म्हणून उघडा' असा पर्याय आहे आणि त्या खिडकीवर लाल पट्टी येते. पट्टी दिसतेय तोवर हात आखडता ठेवा आणि काम झालं की खिडकी बंद करा.

परवानग्या एकदम सैल झाल्या असतील तर उलट टोकाला जाऊन सगळ्यावर ६४४ मारणारेही भेटतात. त्याने फोल्डरांचा जिना चढायचा हक्क जातो आणि आपल्याच घरात पाऊल टाकता येत नाही. सीएचमॉडमध्ये चालवण्याच्या हक्काचं अक्षर मोठ्या लिपीतलं, म्हणजे x ऐवजी X, दिलं तर तो हक्क फोल्डरांना आणि आधीच चालू शकणाऱ्या फाइलींनाच मिळतो, बाकीच्यांना नाही. फार उपयोगी आणि फार दुर्लक्षित सोय. या आज्ञा सावकाश शिकायच्या असतील तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत.

सगळं तपासलं, मालक तुम्हीच, बिट बरोबर, डिस्क ठणठणीत, तरी एकाच प्रोग्रॅमला फाइल उघडता येत नाही आणि बाकीच्यांना येते, तर तो प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक पद्धतीने टाकलेला आहे का बघा. असे प्रोग्रॅम कुंपणात चालतात. घरातली लपलेली फोल्डरं किंवा बाहेरून लावलेली डिस्क त्यांना अनेकदा दिसतच नाही, तुम्हाला कितीही हक्क असले तरी. उबुंटूच्या सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमच्या नावाखाली बाह्य डिस्कची मुभा देणारं बटण असतं. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील नावाचं छोटं साधन मिळतं, त्यात प्रोग्रॅम निवडायचा, हवं ते फोल्डर जोडायचं आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा.