परिवर्ती लसीकापेशी ग्राही

लॅम्प्री व हॅगफिश या जबडारहित माशांमधील, प्रतिपिंडांचे (परके रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनांचे, म्हणजे अँटिबॉडींचे) काम करणारी प्रथिने. व्हेरिएबल लिम्फोसाइट रिसेप्टर या नावावरून त्यांना व्हीएलआर म्हणतात. कृष्णाकाठी वाईपासून सांगलीपर्यंत ओळखीचा असलेला वाम मासा लॅम्प्रीसारखाच लांबट दिसतो, पण त्याला जबडा असतो; लॅम्प्रीला केवळ दातेरी चूषक मुख असते. कृष्णा-कोयनेच्या पाण्यात जबडारहित मासे नाहीत.

लॅम्प्री परक्या त्वचेचे कलम नाकारतो आणि मृत ब्रुसेला जंतू टोचल्यास त्यांच्याविरुद्ध रक्तरसात घटक तयार करतो, हे १९६० च्या दशकातच दिसून आले होते. हे घटक सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडांसारखेच असावेत असा तेव्हाचा समज होता. परंतु लॅम्प्रीत तशा प्रतिपिंडांची जनुके सापडली नाहीत. झीव्ह पॅन्सर, मॅक्स कूपर या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये समुद्री लॅम्प्रीत व्हीएलआर शोधून काढले. पुढच्याच वर्षी ते हॅगफिशमध्येही मिळाले.

ल्युसीन हे ॲमिनो अम्ल ठराविक अंतराने येणारे, सुमारे २४ ॲमिनो अम्लांचे तुकडे एकापुढे एक जोडले जाऊन या प्रथिनाला घोड्याच्या नालासारखा बाक येतो. प्रतिजन (ओळखला जाणारा परका रेणू) मुख्यतः नालाच्या आतल्या, खोलगट बाजूला बसतो; शेवटच्या तुकड्यातून पुढे आलेला फासही त्याला धरतो. तुकड्यांची संख्या कमीजास्त असते. व्हीएलआर-बी हा प्रकार रक्तात स्रवतो व त्याचे आठ किंवा दहा घटक एकत्र बांधलेले आढळतात. एकेकट्या घटकाची पकड सैल असली तरी सर्वांची मिळून ती घट्ट होते.

मूळ जनुक अपुरे असते. आजूबाजूच्या शेकडो तुकड्यांतून नकला उतरवून लसीकापेशी (प्रतिकारशक्तीचे काम करणारी पांढरी रक्तपेशी) ते पूर्ण करते. या कामी सायटिडीन डिअमिनेज कुलातील विकरे (एन्झाइम) लागत असावीत. यातून शंभर लाख कोटींहून अधिक वेगवेगळे ग्राही संभवतात, असा अंदाज आहे.

उगमाबद्दल मतभेद आहेत. जबडाधारी व जबडारहित शाखा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. व्हीएलआर ही मूळ व्यवस्था असून जबडाधाऱ्यांनी ती टाकली, असे एक मत. ग्राही दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडले, लसीकापेशींचे वंश मात्र सामाईक, हे दुसरे मत. व्हीएलआर-ए व सी हे प्रकार धारण करणाऱ्या पेशी जबडाधाऱ्यांच्या टी-पेशींसारख्या, तर बी धारण करणाऱ्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींसारख्या आहेत. लॅम्प्रीच्या कल्ल्यांच्या टोकांशी थायमससदृश (टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीसारखे) ऊतकही २०११ मध्ये नोंदले गेले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रक्तबिंबिकांवरील (प्लेटलेटवरील) ग्लायकोप्रोटीन वन-बी अल्फा या प्रथिनाशी असलेल्या साम्यावरून ग्राहीचे पूर्वरूप त्याच्या जवळचे असावे, असेही सुचवले गेले आहे.

व्हीएलआरचे वैद्यकातील महत्त्व लॅम्प्री व माणूस यांच्या दूरच्या नात्यामुळे आहे. उंदीर व माणूस यांच्यात समान असलेल्या रेणूंविरुद्ध उंदीर सहसा प्रतिपिंड बनवत नाही. लॅम्प्रीला ते रेणू परकेच असतात. शर्करा-रचना ओळखण्यात व्हीएलआर विशेष तरबेज आहेत. रक्तगटाच्या एच प्रतिजनातील शर्करेला धरलेल्या व्हीएलआरची स्फटिकरचना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. अँथ्रॅक्स बीजाणूंवरील प्रथिन आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातील पेशींवरील सीडी-३८ हे प्रथिन ओळखणारे ग्राही मिळाले आहेत. मेंदूच्या अर्बुदाजवळ उघड्या पडलेल्या पेशीबाह्य आधारद्रव्याकडे औषध नेण्याचे प्रयोग उंदरांवर झाले. याच साच्यावरून कोरियात रिपीबॉडी ही कृत्रिम प्रथिने घडवण्यात आली.

व्हीएलआर रुग्णाला टोचण्यात मोठी अडचण परकेपणाचीच आहे. शिराळा-पाटण भागात सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या प्रतिविषातील घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांच्या अंगावर पित्त उठते, क्वचित रक्तदाब उतरतो. माशाच्या प्रथिनालाही शरीर विरोध करू शकते. म्हणून नजीकच्या काळात रोगनिदान आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी त्यांचा उपयोग अधिक संभवतो.