कारांगाहाके: निसटणाऱ्या सोन्यामागची वाट

न्यूझीलंडमध्ये रानाला ‘बुश’ म्हणतात. झुडपं असतील असं समजून गेलेला माणूस चकतो, कारण हे दाट, ओलं, सदाहरित जंगल असतं. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची नेच्याची झाडं, त्यावर लोंबणारं शेवाळ, आणि पावसानंतर निसरडी होणारी माती. उत्तर बेटावर पाएरोआ आणि वाइही या दोन गावांमध्ये ओहिनेमुरी नदीने जी घळ कापली आहे, ती कारांगाहाके. शेजारचा त्याच नावाचा डोंगर ५४४ मीटरचा आहे. सह्याद्रीत फिरलेल्याला आकडा किरकोळ वाटेल, पण चढ जवळजवळ नदीच्या पातळीपासून सुरू होतो आणि अंगावर येतो. आधी खाणींचे बोगदे, मग डोंगरमाथा, मग परत खाली उतरून जुन्या रेल्वेमार्गाने ओहारोआच्या धबधब्यापर्यंत, असा बेत केला तर दिवस पुरा जातो आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशीही बोलतात.

वाटेवर जे अवशेष दिसतात, त्यांचं मूळ एकाच अडचणीत आहे: इथलं सोनं हाती लागत नव्हतं.

सोन्याची धाव म्हटलं की नदीकाठी परात हलवणारा माणूस आठवतो. कारांगाहाकेत त्याला फारसं काम नव्हतं. इथलं सोनं प्राचीन ज्वालामुखींच्या उष्ण पाण्याने गारगोटीच्या शिरांमध्ये आणून सोडलेलं, चांदीत मिसळलेलं आणि इतकं बारीक की बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणजे डोंगर फोडायचा, दगड दळायचा आणि पिठातून सोनं वेगळं करायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. त्याला कंपनी लागते, भांडवल लागतं.

त्याआधी जमीन लागते, आणि ती इथल्या मूळ रहिवाशांची, माओरींची होती. ओहिनेमुरीत खाणी नकोत, म्हणून ‘ते हीरा’ नावाचा प्रमुख आणि मेरे कुरू ही मानी स्त्री यांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. सरकारचा मध्यस्थ जेम्स मॅके याने लोकांना किराणा-माल उधारीवर दिला आणि ती उधारी जमिनीच्या व्यवहारात वळती केली. सावकारी पाश आपल्याला नवा नाही. तो इथे सरकारी शिक्क्याने आवळला गेला. ३ मार्च १८७५ रोजी ओहिनेमुरीचं क्षेत्र खाणकामासाठी खुलं झालं.

सुरुवातीची बरीच वर्षं निराशेचीच गेली. दगड कुटायला ‘बॅटरी’ असे. हिचा विजेच्या बॅटरीशी संबंध नाही. उखळात मुसळ, तशी लोखंडी मुसळांची रांग पाणचक्कीच्या किंवा वाफेच्या जोरावर वरखाली होत राही. पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचं, सोनं पाऱ्याला चिकटतं, ही जुनी रीत. पण गंधकाच्या खनिजांत अडकलेलं बारीक सोनं पाऱ्याला दाद देत नसे. निम्मं, कधी त्याहूनही जास्त सोनं गाळाबरोबर नदीत जाई.

तोडगा ग्लासगोहून आला. जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये सायनाइडच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, आणि ती प्रत्यक्ष खाणीवर पहिल्यांदा आजमावली गेली ती १८८९ मध्ये कारांगाहाकेच्या क्राउन खाणीवर. दगडाचं पीठ टाकीत भरायचं, त्यात सायनाइडचं अगदी सौम्य द्रावण सोडायचं. हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने सोनं त्यात विरघळतं. मग ते द्रावण जस्ताच्या कीसावरून गाळलं की सोनं काळ्या चिखलासारखं खाली बसतं, आणि तो चिखल भट्टीत वितळवायचा. वसुली नव्वद टक्क्यांच्या आसपास गेली. पुढे ही रीत दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडवर गेली, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आली. तिथल्या गाळाच्या टेकड्यांना लोक अजून सायनाइडच्या टेकड्याच म्हणतात. न्यूझीलंड सरकारने तर १८९७ मध्ये पेटंटचे हक्क दहा हजार पौंडांना विकत घेतले आणि परवाना शुल्क घेऊन खाणवाल्यांना वापरू दिले. जगाच्या सोन्याचा हिशेब बदलणारी ही जागा आज नेच्यांच्या सावलीतला काँक्रीटचा चौथरा आहे. पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल.

त्यानंतर घळीत क्राउन, वुडस्टॉक आणि टॅलिस्मन या तीन खाणी धडधडू लागल्या. वाटेतल्या ‘विंडोज’ याच काळातल्या. वायताफेता नदीच्या वर, कड्याच्या पोटात बोगदा आहे आणि त्याला ठिकठिकाणी खिडक्या. देखाव्यासाठी कुणी त्या खोदल्या नव्हत्या. आतला बिनकामाचा दगड थेट नदीत लोटून द्यायची ती सोय होती. आज तिथे फोटोसाठी रांग लागते. विजेरी मात्र न्यावीच. शिवाय ती मध्ये एकदा विझवून पाहावी, ओल्या छतावर काजव्यासारखे उजळणारे किडे दिसतात.

नदीत काय काय लोटायचं याला मर्यादा नव्हती, कारण १८९५ मध्ये सरकारने ओहिनेमुरीला अधिकृतपणे गाळवाहिनी जाहीर केलं. पात्र उथळ झालं, पूर शेतात शिरू लागले, आणि १९१० मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पण गाळात निसटलेलं सोनंही होतंच. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे असत. इथे १९१०च्या दशकात एका कंपनीने नदीतला गाळ उपसून पुन्हा सायनाइडमधून काढला.

१९०५ मध्ये रेल्वे आली, एक किलोमीटरहून जरा जास्त लांबीच्या बोगद्यातून. १९७८ मध्ये कायमाईचा मोठा बोगदा झाल्यावर हा मार्ग बंद पडला, आणि पायवाट झाला. तो पार करून पुढे गेलं की ओहारोआचा धबधबा. उंच नाही, खडकाच्या पायऱ्यांवरून टप्प्याटप्प्याने उतरतो. पण डोंगर उतरून आलेल्या पायांना खालच्या डोहाइतकं दुसरं काही लागत नाही.

तिथून वाइकीनो जवळच. तिथली व्हिक्टोरिया बॅटरी २०० मुसळांची होती, आणि तिचा दणका मैलोगणती ऐकू येई. सुरुवातीला दगड कुटण्याआधी भट्टीत भाजून कोरडा करत. त्यासाठी आसपासचं जंगल सरपणात गेलं. म्हणजे आज ज्या बुशमधून आपण चालतो, त्यातलं बरंचसं नंतर उगवलेलं आहे. सरपण-कोळसा महाग पडू लागला तेव्हा वाइहीच्या कंपनीने वायकाटो नदीवर होराहोरा इथे स्वतःचं वीजघर बांधलं. १९१३ मध्ये तिथून सुमारे ८० किलोमीटर तारा ओढून वीज इथे आली. कोलारला शिवनसमुद्राची वीज ११ वर्षं आधीच मिळाली होती, हे जाता जाता.

टॅलिस्मन पहिल्या महायुद्धानंतर थंडावली. व्हिक्टोरिया १९५२ मध्ये थांबली. वाइकीनो गावाचा बराच भाग १९८१च्या पुरात वाहून गेला. मुसळं गेली, टाक्यांचे गोल पाये आणि भट्ट्यांची तोंडं उरली. स्थानकावरून एक छोटी हौशी गाडी वाइहीपर्यंत जाते. तिथली मार्था खाण १९८८ मध्ये पुन्हा उघडली, आणि तिथलं सोनं आजही सायनाइडनेच काढतात.