महानगरपालिका प्रशासन : कार्यालये, खाती आणि आस्थापना

महानगरपालिकेचे दैनंदिन काम करणारी कार्यालये व खाती, त्यांतील पदांची उतरंड आणि ती पदे भरण्याची पद्धत यांचा विचार या नोंदीत महाराष्ट्रापुरता केला आहे. निवडणुका, आरक्षण व नगरसेवकांची कर्तव्ये हा स्वतंत्र विषय असल्याने त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. राज्यात २९ महानगरपालिका आहेत. त्यांपैकी मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. इतर सर्व महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमाखाली येतात. पूर्वी तो ‘मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम’ म्हणून ओळखला जाई. आता त्याचे नाव ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ असे आहे. नागपूरसाठी १९४८ चा वेगळा कायदा बराच काळ होता; तोही पुढे मागे पडला. दोन्ही प्रचलित कायद्यांचा सांगाडा मात्र एकच आहे : धोरण व पैसा यांवर निर्वाचित सभेचा अधिकार आणि अंमलबजावणीचा अधिकार शासननियुक्त आयुक्ताकडे.

या विभागणीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पेशवेकालीन पुण्यातील कोतवालीत तिचे मूळ शोधण्याचा प्रयत्न काहींनी केला आहे. कोतवालाकडे पोलिसी कामाबरोबर वजनेमापे, बाजारभाव, रस्ते, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद व लोकसंख्येची मोजदाद अशी कामे होती, त्यामुळे साम्य वाटणे स्वाभाविक आहे. पण कोतवाल हा सरकारचा अधिकारी होता. त्याच्यावर देखरेख ठेवणारी नागरिकांची सभा नव्हती आणि कराचा पैसा त्या शहराच्या स्वतंत्र निधीत जमा होत नव्हता. कामांच्या यादीतील साम्यावरून संस्थेचा वारसा सिद्ध होत नाही.

मुंबईतील घडामोडी अधिक निश्चितपणे मांडता येतात. १७९३ च्या सनदी कायद्याने इलाख्यांच्या राजधान्यांतील शांतता-न्यायाधीशांना (तत्कालीन भाषेत ‘जस्टिस ऑफ द पीस’) साफसफाई, पहारा व रस्तेदुरुस्तीचे अधिकार दिले. १८४५ मध्ये कॉन्झर्व्हन्सी बोर्ड (साफसफाई मंडळ) आले. १८५८ मध्ये ते मोडून तीन आयुक्तांचे मंडळ नेमण्यात आले. तिघांत जबाबदारी वाटली गेल्याने कामाचा जाब नेमका कोणाला विचारायचा हे ठरेना. १८६५ च्या कायद्याने शांतता-न्यायाधीशांच्या मंडळाला निगम म्हणून कायदेशीर अस्तित्व दिले आणि कार्यकारी सत्ता एकाच, पूर्णवेळ, सरकारनियुक्त आयुक्ताकडे सोपवली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड (१८६५–७१). त्यांच्याबरोबरच कार्यकारी अभियंता व आरोग्य अधिकारी ही पदे ठळक झाली; आजच्या अभियांत्रिकी व आरोग्य खात्यांची वंशावळ तेथवर नेता येते.

क्रॉफर्ड यांनी मंडई, रस्ते व गटारे यांवर मुक्तहस्ते खर्च केला. कापसाच्या तेजीनंतर आलेल्या मंदीत तो शहराला पेलवला नाही आणि १८७१ मध्ये करदात्यांची चळवळ उभी राहिली. आयुक्तपद रद्द करून कारभार नगर परिषदेच्या (‘टाऊन कौन्सिल’; आजच्या लहान शहरांतील नगरपरिषदांहून वेगळी) हाती द्यावा, असा त्या चळवळीचा एक सूर होता. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्याच वर्षी वेगळी भूमिका मांडली : कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्यावा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश हवा. १८७२ च्या कायद्यात ६४ सदस्यांची सभा आली. त्यांतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. आयुक्तपद कायम राहिले. खर्चावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांची नगर परिषद आली. १८८८ च्या कायद्याने तिच्या जागी स्थायी समिती आणली. त्याच कायद्याच्या कलम ६४ मध्ये नगराचा कारभार महानगरपालिकेकडे निहित असल्याचे आधी म्हटले आहे आणि त्यापुढे, विवक्षित मर्यादांत, कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे दिली आहे. विधेयकाच्या मूळ मसुद्यात सभेचे स्थान गौण होत असल्याचा आक्षेप मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी घेतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या क्रमाचे महत्त्व कळते.

आयुक्तपद्धती ही १८६५ ची देणगी आहे व ती मुळात एतद्देशीयांवरील अविश्वासातून आली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार आजची पद्धत १८७२ ते १८८८ दरम्यानच्या तडजोडीतून घडली. पद १८६५ चे आहे हे निर्विवाद; पण पदाला सभेशी बांधणारी कलमे नंतरची आहेत आणि महाराष्ट्र राज्याने पुढे नेली ती हीच कलमे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर-परिषद पद्धत आणून कार्यकारी सत्ता निर्वाचितांकडे देण्याचा प्रयोग झाला. तो १९९९ मध्येच गुंडाळण्यात आला. कोलकात्यात १९८० च्या कायद्यानुसार आलेली तशीच पद्धत मात्र टिकून आहे.

आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. प्रथेने ते भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी असतात. एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास आयुक्ताला परत बोलवावे, अशी तरतूद दोन्ही कायद्यांत आहे. व्यवहारात तिचा उपयोग क्वचितच झाला. नवी मुंबईच्या सभेने २०१६ मध्ये असा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला, पण शासनाने तो लगेच अमलात येऊ दिला नाही. याउलट, सभागृहाची मुदत संपून निवडणूक लांबली की आयुक्तच प्रशासक होतो आणि सभा, स्थायी समिती व आयुक्त या तिघांचे अधिकार एका सहीत येतात. मुंबईत मार्च २०२२ मध्ये तसे झाले. १८७१ साली जे टाळण्यासाठी झगडा झाला, तीच ही स्थिती.

आयुक्ताखालील यंत्रणेत दोन पदे मुद्दाम बाजूला ठेवलेली आहेत. महापालिका चिटणीस (अन्यत्र नगरसचिव) हा सभा व समित्यांचे कामकाज पाहतो : विषयपत्रिका, इतिवृत्त, ठरावांच्या प्रमाणित प्रती. मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासून त्याचा अहवाल स्थायी समितीला देतो. आयुक्ताने केलेल्या खर्चावर आक्षेप घेणारा माणूस आयुक्ताच्या हाताखाली असू नये, हे त्यामागचे तत्त्व. १९४९ च्या अधिनियमातील कलम ४५ मध्ये नगर अभियंता व वैद्यकीय आरोग्य अधिकारी यांच्या जोडीने ही दोन्ही पदे नावानिशी येतात. रुस्तम मसानी यांनी मुंबईत आधी चिटणीस व पुढे आयुक्त अशी दोन्ही बाजूंची कामे केली. अशी उदाहरणे विरळा.

मुंबईत आयुक्तानंतर चार अतिरिक्त आयुक्त असतात. शहर, पूर्व उपनगरे, पश्चिम उपनगरे व प्रकल्प अशी त्यांची नावे असली, तरी प्रत्येकाकडे भूभागाबरोबर काही खातीही असतात. त्यांच्याखाली सह आयुक्त व उपायुक्त; उपायुक्तांपैकी काहींकडे परिमंडळे (विभागांचे गट), काहींकडे खाती. खात्याच्या शिरोभागी खातेप्रमुख : जलअभियंता, प्रमुख अभियंता (रस्ते), करनिर्धारक व संकलक, प्रमुख लेखापाल, उद्यान अधीक्षक, विधि अधिकारी इत्यादी. अभियंत्यांची उतरंड कनिष्ठ व दुय्यम अभियंत्यापासून सहायक, कार्यकारी, उपप्रमुख अशी चढत प्रमुख अभियंत्यापर्यंत जाते.

खात्यांची यादी पाहिली तर तिच्यात तर्कसंगत आखणीपेक्षा इतिहासाचे थर अधिक दिसतात. अग्निशमन दल १८८७ पर्यंत पोलिसांकडे होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (शहर सुधारणा मंडळ) स्थापन झाला. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाल्यावर त्याच्या जमिनी, चाळी व भाडेपट्टे महापालिकेकडे आले. त्यांचा कारभार मालमत्ता खाते पाहते आणि सुधार समिती ही वैधानिक समितीही त्याच वारशातली आहे. जलअभियंत्याचे कार्यक्षेत्र शहराच्या हद्दीत मावत नाही. विहार तलाव (१८६०) आज मुंबईच्या आत असला तरी तानसा (१८९२) व वैतरणेवरील धरणे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांकडे पसरली आहेत, त्यामुळे मुंबई महापालिकेचे कर्मचारी शंभर किलोमीटरवरच्या धरणावरही नेमलेले असतात. के. ई. एम. (१९२६), नायर, शीव येथील रुग्णालये व त्यांना जोडलेली वैद्यकीय महाविद्यालये अधिष्ठात्यांच्या हाताखाली जवळजवळ स्वतंत्र संस्थांप्रमाणे चालतात. १९४७ मध्ये ताब्यात आलेल्या बेस्ट या वीज व बससेवेच्या उपक्रमाला स्वतंत्र महाव्यवस्थापक व स्वतंत्र समिती आहे.

नागरिकाचा संबंध येतो तो मुख्यालयापेक्षा विभाग कार्यालयाशी. मुंबईत ए पासून टी पर्यंतच्या अक्षरांनी ओळखले जाणारे २४ विभाग दीर्घकाळ होते. अलीकडे काही मोठ्या विभागांचे विभाजन हाती घेण्यात आले. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन, नाशिकमध्ये विभागीय कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय अशी नावे आहेत. प्रमुख असतो सहायक आयुक्त. जुने लोक अजूनही त्याला वॉर्ड ऑफिसरच म्हणतात. मुंबईत हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात.

विभाग कार्यालयातील नियंत्रण दुहेरी आहे. तेथील पाणी खात्याचा सहायक अभियंता हजेरी, रजा व रोजच्या कामापुरता सहायक आयुक्ताला बांधलेला असतो. तांत्रिक मंजुरी, बदली व बढती यांसाठी त्याची नजर जलअभियंत्याकडे असते. एखाद्या गल्लीत जलवाहिनी फुटून रस्ता खचला, असे समजू. तक्रारअर्जावर आवक टेबलावर शिक्का व क्रमांक पडतो. पाणी खात्याचा कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन गळती काढतो. खड्डा बुजवणे मात्र परिरक्षण (देखभाल) शाखेचे काम, आणि रस्ता मोठा असल्यास मध्यवर्ती रस्ते खात्याचे. मग टिपणी लिहिली जाते, नस्ती (फाइल) एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि दुरुस्त जलवाहिनीवरचा खड्डा तसाच राहतो. सहायक आयुक्ताने दोन्ही अभियंत्यांना समोर बसवून दिवस ठरवून दिला तरच काम एका दमात होते. कायद्याने (१९४९ च्या अधिनियमात कलम ६९) आयुक्ताला आपले अधिकार खाली सोपवता येतात; विभाग कार्यालय किती समर्थ आहे हे त्या सोपवण्यावर अवलंबून असते, इमारतीच्या आकारावर नव्हे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल जून १९९३) तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. त्यांना स्वतःचा कर्मचारीवर्ग मात्र दिला नाही.

सर्वांत मोठा कर्मचारीवर्ग घनकचरा व्यवस्थापनाचा. त्याचे खरे कार्यालय म्हणजे हजेरी चौकी. रस्त्याकडेच्या छोट्या खोलीत सकाळी लवकर मुकादम हजेरीपुस्तक उघडतो (आता बोटाचा ठसाही लागतो), गैरहजर किती ते पाहून बीट (झाडायचे ठरलेले टापू) वाटून देतो, झाडू-घमेली निघतात. मुकादमावर पर्यवेक्षक, मग सहायक मुख्य पर्यवेक्षक. अन्य शहरांत आरोग्य निरीक्षक किंवा स्वच्छता निरीक्षक. शहराची सकाळ या खोलीवर उभी असते, तरी संघटन-तक्त्यांत तिला बहुधा चौकटही मिळत नाही.

महापालिकेचे कर्मचारी राज्याचे नसून त्या त्या महापालिकेचे असतात. लहान शहरांच्या नगरपरिषदांत राज्यस्तरीय संवर्ग (नोकरवर्गाचे गट) आहेत व मुख्याधिकारी शासनाचा असतो. महानगरपालिकेत शासनाचे अधिकारी येतात ते प्रतिनियुक्तीवर, म्हणजे ठराविक काळापुरते. कोणती पदे किती, हे आकृतिबंधात ठरते आणि कोण पात्र, हे सेवाप्रवेश नियमांत. कलम ५१ प्रमाणे आयुक्त पदांची अनुसूची स्थायी समितीपुढे ठेवतो. नव्या पदाला शासनाची मान्यता लागते. आस्थापना खर्च (कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरील खर्च) उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा ही शासनाची अट आहे. जकात व पुढे स्थानिक संस्था कर गेल्यावर उत्पन्नाची बाजू शासनाच्या अनुदानावर विसंबू लागली, आणि लहान महापालिकांना ही मर्यादा पाळणे आणखी अवघड झाले. पद मंजूर असते, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची क्रमवारी) तपासलेली असते, तरी जाहिरात निघत नाही. त्या जागी ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. एकाच अभियंत्याकडे दोन विभाग, एकाच उपायुक्ताकडे चार खाती हे चित्र सर्वत्र दिसते.

सफाई कामगारांच्या नेमणुकीत वारसा हक्काची वेगळी वाट आहे. लाड व पागे समित्यांच्या शिफारशींवरून साधारण १९७० च्या दशकापासून सेवानिवृत्त किंवा मृत सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याचे धोरण आले. त्याने अनेक कुटुंबांना घर व पगाराची शाश्वती दिली, आणि त्याच कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामात ठेवले. दोन्ही परिणाम खरे आहेत.

रिकाम्या जागा भरून काढल्या त्या कंत्राटी माणसांनी. मुंबईत कचरा उचलण्याच्या कामावर वर्षानुवर्षे असलेले सुमारे २,७०० कामगार कागदोपत्री ठेकेदाराचे होते. ते महापालिकेचेच कामगार ठरतात, या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केले. आता सुरक्षारक्षक, संगणक चालक व चालक हीही पदे बऱ्याच ठिकाणी बाह्यस्रोतातून भरली जातात. ती आस्थापना अनुसूचीत येत नाहीत, त्यामुळे ३५ टक्क्यांच्या हिशेबातही सरळ दिसत नाहीत. कामांचेही तसेच. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एका कंपनीत एकत्र झाल्या. २०१५ नंतर स्मार्ट सिटी अभियानासाठी स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्यांच्या संचालक मंडळावर आयुक्त व काही नगरसेवक असतात, पण त्यांचे कर्मचारी महापालिकेच्या आकृतिबंधाबाहेर राहतात.