'डेट बॅक टू' : इंग्रजी मजकूर द्यायच्या आधी एवढं वाचा

दुकानाचं, होमस्टेचं किंवा जुन्या वाड्याचं माहितीपत्रक इंग्रजीत करून घ्यायला वडोदऱ्यातली मराठी मंडळी आमच्याकडे येतात. कच्च्या मजकुरात एक वाक्य हमखास असतं: 'अवर शॉप इज डेटिंग बॅक सिन्स १९४२.' सांगायचं काय ते कळतं, पण वाचणारा गालात हसतो. 'इज डेटिंग' म्हटलं की दुकान कुणाबरोबर तरी फिरायला जातंय असं वाटतं.

'डेट बॅक टू' म्हणजे अमुक काळापासूनचं असणं. वस्तू आजही आहे, म्हणून क्रियापद साध्या वर्तमानकाळात: एक असेल तर 'डेट्स', अनेक असतील तर 'डेट'. 'सिन्स' नको, ते काम 'टू' करतो. मात्र साल न देता किती वर्षं जुनं ते सांगायचं असेल तर 'टू' गळतो: 'डेट्स बॅक एटी इयर्स.' 'अ हाउस डेटिंग बॅक टू १८९०' हे बरोबर आहे, कारण तिथे 'इज' नाही.

खरी गंमत मुळांची आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, पण ते ज्या बडोदा कॉलेजातून वाढलं ते १८८१ चं. म्हणून 'फाउंडेड इन १९४९' हेही खरं आणि 'इट्स रूट्स डेट बॅक टू १८८१' हेही खरं. कमाटीबाग १८७९ ची, तिला 'डेट्स बॅक टू' शोभतं. पाच वर्षांपूर्वी उघडलेल्या फरसाणाच्या दुकानाला शोभत नाही. तिथे सरळ 'ओपन्ड इन' लिहावं.

कोर्टकचेरीच्या कागदाला हा वाक्प्रचार लावू नका. वाटणीपत्रावर तारीख असेल तर ते त्या तारखेचं, म्हणजे 'डेटेड'. एका गिऱ्हाइकाच्या भाषांतरात आमच्याकडूनच 'डेट्स बॅक टू' गेलं, आणि नेमकी तारीख कोणती म्हणून कागद परत आला. दुसऱ्यांदा फी घेतली नाही, हे सांगायला नकोच.

जुन्या कागदावर शालिवाहन शकाचं साल असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. शके १८१२ च्या श्रावणातला कागद १८९० चा. गुजराती वहीतला विक्रम संवत कार्तिकात बदलतो: कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे दिवाळीपर्यंत ५६. इथे एका वर्षाची चूक फार होते, म्हणून महिना पुसट असला तरी वाचून ठेवा.

मजकुरासोबत साल कुठून घेतलं तेही चिठ्ठीवर लिहून द्या. 'आजोबा सांगायचे' एवढंच असलं तरी चालेल. मग आम्ही साल न टाकता दशक टाकू: 'डेट्स बॅक टू द नाइन्टीन फॉर्टीज.' त्यातला 'द' तेवढा पाटी रंगवणाऱ्याला खोडू देऊ नका.