अलास्काची फेरी : खलाशांच्या खोल्यांवरून पेटलेला वाद

अलास्कातलं हेन्स आणि स्कॅगवे ही गावं लिन कॅनॉल या समुद्राच्या लांब खाडीच्या काठावर आणि राजधानी जुनो तिच्या जवळच, पण जुनोहून बाकीच्या दोन गावांना रस्ताच नाही. काठाने रस्ता काढायची योजना वर्षानुवर्षं रखडली आणि २०१६ मध्ये सरकारने ती सोडून दिली. तेव्हा गाडी न्यायची तर फेरीबोटीनेच. पाऊस-धुक्याने विमान रद्द झालं की माणसांनाही तोच आधार.

राज्याची फेरीबोट सेवा १९६३ मध्ये मालास्पिना, टाकू आणि मटानुस्का या बोटींनी उभी केली. लांब पल्ल्याच्या बोटींवर केबिन न घेणारे प्रवासी आजही मागच्या अर्ध्या उघड्या डेकवर, छताच्या हिटरखाली आरामखुर्चीत झोपतात. काहीजण तंबू लावतात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याची टोकं चिकटपट्टीने डेकला चिकटवतात.

खरा घोळ २०१२ मधला. एक मोठी बोट बांधायचं ठरलं होतं, पण खर्च वाढतोय म्हणून सरकारने त्याऐवजी दोन लहान, दिवसा धावणाऱ्या बोटी घ्यायचं ठरवलं. रात्री धक्क्याला लागणाऱ्या बोटीवर खलाशांना झोपायच्या खोल्या कशाला, म्हणून त्या गाळल्या. आता खोल्या नाहीत म्हणजे दुसऱ्या पाळीचे खलाशी बोटीवर झोपू शकत नाहीत, आणि एका पाळीला बारा तासांची मर्यादा आली. जुनोहून हेन्स साडेचार तास, पुढे स्कॅगवे तासभर, शिवाय प्रत्येक धक्क्यावर गाड्यांची चढ-उतार. परतीसकट ही फेरी बारा तासांत बसत नाही, हे वेळापत्रक पाहूनही कळलं असतं. पैसे वाचवायला घेतलेला हा निर्णय पुढे महागात पडला.

या दोन बोटींपैकी टॅझलिना २०१९ मध्ये धावू लागली. दुसरी, हबर्ड, बांधून तयार असूनही उभीच राहिली. २०१९ मध्येच फेरी सेवेच्या अनुदानाला मोठी कात्री लागली, जुलैत खलाशांचा संप झाला. जुन्या बोटी दुरुस्तीत अडकल्या आणि २०२० च्या सुरुवातीला सेवा जवळजवळ ठप्प झाली. छोट्या गावांत दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडू लागल्या. नंतर खलाशांचाच तुटवडा पडला.

शेवटी हबर्डवर खोल्या बसवल्या आणि २०२३ मध्ये ती प्रवाशांसाठी सुरू झाली. टॅझलिनावर तेव्हाही खोल्या नव्हत्या.