फॅमिकॉमवरील होमब्रू आरपीजी : पार्श्वभूमी

निन्टेंडोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रासाठी आज कोणी घरी बसून नवा खेळ, म्हणजेच ‘होमब्रू’, तयार करायला घेतला, तर उड्या मारत पुढे सरकणाऱ्या खेळापेक्षा रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, कितीतरी अधिक कष्टाचा ठरतो. उड्यांच्या खेळाला पडद्यावर या क्षणी काय आहे, एवढे ठाऊक असले की भागते. आरपीजीला मात्र नायकाची ताकद, त्याच्या पिशवीतल्या वस्तू, उघडलेल्या पेट्या, मारलेले राक्षस आणि कोणत्या गावकऱ्याशी बोलणे झाले आहे, हे सारे लक्षात ठेवावे लागते, आणि वीज गेल्यावरही विसरता येत नाही. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या या यंत्रात प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी अवघी २ केबी आहे. एवढ्याशा जागेत लांबलचक कथा बसवण्याच्या युक्त्या कोणी काढल्या आणि त्या पुढे हौशी कारागिरांच्या हाती कशा आल्या, याचा मागोवा येथे घेतला आहे.

हा खेळप्रकार जन्मला कागदावर. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकजण कथा चालवतो, नोंदी ठेवतो आणि फाशांवर पडलेल्या दानाचा अर्थ लावतो. संगणकाने पुढे या माणसाची जागा घेतली. १९८१ मध्ये ॲपल टू या संगणकावर रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा’ आणि अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आले. ॲपल टूमध्ये १९७५ साली बाजारात आलेला ६५०२ हा स्वस्त प्रोसेसर होता, आणि फॅमिकॉमचा प्रोसेसर याच ६५०२ ची किंचित बदललेली आवृत्ती होय. ‘होमब्रू’ हा शब्दही संगणकाच्या दुनियेत रुळला तो १९७५ मध्येच, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये भरलेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमुळे. शब्दाचा मूळ अर्थ घरी गाळलेली बिअर असा आहे. मराठीत त्याचा शब्दशः अनुवाद केला तर भलताच वास येईल, म्हणून तो आहे तसाच ठेवलेला बरा.

जपानमधील एनिक्स या कंपनीने १९८२ मध्ये खेळ लिहिण्याची स्पर्धा घेतली होती. तिच्या विजेत्यांत युजी होरी आणि कोइची नाकामुरा हे दोघे होते. विझर्ड्री आणि अल्टिमा या दोन्ही खेळांनी होरी भारावले होते, पण ते खेळायला कीबोर्ड लागे, जाड नियमपुस्तिका लागे आणि चिकाटीही लागे. फॅमिकॉमच्या हातातल्या कंट्रोलरवर मोजून आठ कळा आहेत, त्यातल्या चार दिशांच्याच. होरींनी अल्टिमाचा वरून दिसणारा नकाशा घेतला, विझर्ड्रीची समोरासमोरची लढाई घेतली आणि सगळ्या आज्ञा चौकटीत उघडणाऱ्या यादीत बसवल्या. नाकामुरांच्या चुनसॉफ्टने प्रोग्राम लिहिला, चित्रे अकिरा तोरियामांची होती, संगीत कोइची सुगियामांचे. २७ मे १९८६ रोजी आलेला हा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अख्खा ६४ केबीच्या कॅसेटमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत, मावला होता. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा खातो.

या ६४ केबीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण आजच्या होमब्रू आरपीजीचे बहुतेक व्याकरण तिथेच घडले आहे. जगाचा नकाशा १२० गुणिले १२० घरांचा, म्हणजे १४,४०० घरांचा आहे. प्रत्येक घराला एक बाइट दिला असता तर कॅसेटचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या समुद्र-डोंगरांनी अडवला असता. म्हणून एका बाइटचे दोन भाग केले आहेत. एका भागात जमिनीचा प्रकार आणि दुसऱ्यात ती सलग किती घरे आहे, याचा आकडा आहे. समुद्र मोठा असला की तो स्वस्त पडतो; किनारा वेडावाकडा झाला की महाग. नकाशा काढणाऱ्याला म्हणूनच भूगोलासोबत हिशेबही सांभाळावा लागतो. नायकाची चित्रे वाचवण्यासाठी त्याला चारही दिशांना समोर तोंड करूनच चालायला लावले आहे, आणि त्यामुळे कोणाशी बोलायचे तर बोलण्याची दिशाही यादीतून निवडावी लागते. जपानी लिपीतल्या काताकाना अक्षरांपैकी फक्त सुमारे वीस अक्षरांची चित्रे कॅसेटमध्ये ठेवली होती. राक्षसांची आणि गावांची नावे त्या वीस अक्षरांत बसतील अशीच बेतावी लागली. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, कारण त्यात लेखकाच्या शब्दसंपत्तीचा निर्णय मेमरीने घेतलेला दिसतो.

गणिताचेही तसेच. ६५०२ ला गुणाकार आणि भागाकार येत नाहीत. फक्त बेरीज, वजाबाकी आणि आकडा एका बिटाने, म्हणजे द्विमान पद्धतीतल्या एका अंकाने, सरकवणे एवढेच जमते. एका बिटाने उजवीकडे सरकवले की आकडा निम्मा होतो. ड्रॅगन क्वेस्टमध्ये नायकाच्या साध्या वाराचे सूत्र म्हणून असे आहे की, हल्ल्याच्या आकड्यातून शत्रूच्या बचावाचा निम्मा आकडा वजा करायचा, आणि उरलेल्याच्या पावपासून अर्ध्यापर्यंत कोठेतरी यदृच्छेने नुकसान ठरवायचे. दोनने आणि चारने भागणे म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने केवळ सरकवणेच. ज्यांना सूत्रात टक्केवारी हवी असते अशा नव्या रचनाकारांना येथे पहिली ठेच लागते. फॅमिकॉमच्या प्रोसेसरमधून ६५०२ ची दशमान पद्धतीची सोयही काढलेली असल्याने ‘१२७ सुवर्णमुद्रा’ असे पडद्यावर दाखवायलासुद्धा शंभर आणि दहा पुनःपुन्हा वजा करण्याचा उपक्रम करावा लागतो.

राहिला प्रश्न विसरण्याचा. कॅसेटमध्ये लिहून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे खेळाडूच्या वहीलाच मेमरी करण्यात आले. राजा खेळाडूला वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देई. चौसष्ट अक्षरांच्या संचातून प्रत्येक अक्षर आले की त्यात सहा बिट मावतात, म्हणजे वीस अक्षरांत १२० बिट, अवघे १५ बाइट. त्यात नायकाचे चार अक्षरी नाव, अनुभव, धन आणि वस्तू बसल्या. तो कोठे उभा होता हे बसले नाही, म्हणून खेळ पुन्हा सुरू झाला की राजासमोरूनच सुरू होतो. दुसऱ्या भागात नायकाला साथीदार मिळाले आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकीचे उतरवून सारे कष्ट वाया घालवलेल्या जपानी मुलांची त्या पिढीत कमतरता नसावी. निन्टेंडोने फेब्रुवारी १९८६ मध्ये फॅमिकॉमसाठी डिस्कचा जोड आणला, त्यात नोंद ठेवता येई. मात्र खरा उपाय ठरला तो कॅसेटमध्येच बसवलेल्या नाण्याएवढ्या बॅटरीचा, जिच्या जोरावर ८ केबी मेमरी जिवंत राहते. १० फेब्रुवारी १९८८ रोजी आलेल्या तिसऱ्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये ती बॅटरी होती, आणि त्याआधी दोनच महिने आलेल्या स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’तही होती.

‘फायनल फँटसी’चे प्रोग्रामर नासिर गेबेली हे मूळचे इराणी. अमेरिकेत ॲपल टूवर नाव कमावून ते जपानला गेले होते, म्हणजे ६५०२ त्यांच्या हातचा होता. तरीही खेळातल्या पात्राची बुद्धिमत्ता वाढली की त्याच्या जादूच्या मंत्रांचा प्रभाव वाढावा, ही मूळ अपेक्षा प्रोग्राममध्ये पुरी झालेली नाही. तो आकडा वाढतो, पण मंत्रावर त्याचा काही परिणाम होत नाही. लक्षावधी लोकांनी हा खेळ खेळला आणि बहुतेकांना ते कळलेही नाही. कळले ते पुढे, कॅसेटमधला प्रोग्राम ओळ न् ओळ उलगडणाऱ्या हौशी मंडळींमुळे.

ही उलगडण्याची हौस मुख्यतः भाषेपायी वाढली, असे माझे मत आहे. अनेक जपानी आरपीजी इंग्रजीत आलेच नाहीत. १९९७ च्या एप्रिलमध्ये ‘नेस्टिकल’ हा एम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आला आणि साध्या पीसीवर फॅमिकॉमचे खेळ चालू लागले. त्यात खेळाची चित्रे बदलण्याचीही सोय होती. उड्यांच्या खेळाला भाषांतराची गरज नसते, पण आरपीजी भाषेवाचून अडतो. ज्यांना ते खेळ वाचायचे होते, त्यांना कॅसेटमध्ये मजकूर कोठे आहे, कोणत्या आकड्याला कोणते अक्षर आहे आणि एका वाक्याला किती जागा आहे, हे शोधावेच लागले. इंग्रजी मजकूर जपानीपेक्षा लांब होतो, म्हणून वारंवार येणाऱ्या दोन अक्षरांच्या जोडीला एकच आकडा देण्याची युक्ती वापरली जाई. १९९० मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘फायनल फँटसी’त ती अधिकृतपणेच वापरलेली होती. भाषांतर करता करता ही मंडळी ‘बँक’, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, बदलणे शिकली. प्रोसेसरला कॅसेटमधला एका वेळी फक्त ३२ केबी प्रोग्राम दिसतो, बाकीचा पडद्याआड असतो आणि कॅसेटमधली ‘मॅपर’ नावाची चिप मागणीप्रमाणे तुकडे पुढे आणते, ही व्यवस्था समजल्याशिवाय मोठा खेळ वाचता येत नाही, मग लिहिणे तर दूरच.

यंत्राची दारे उघडायला कायद्याचा आणि कुलपाचा अडथळा होता. जपानी फॅमिकॉममध्ये परक्या कॅसेटा अडवणारे कुलूप नव्हते. अमेरिकेसाठी १९८५ मध्ये आलेल्या एनईएस या रूपात मात्र एक चिप बसवली गेली, जी कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत बोलते आणि जोडीदार न सापडल्यास यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करते. अटारी गेम्सने ती चिप भेदली, पण त्यासाठी कॉपीराइट कार्यालयातून प्रोग्रामची प्रत खोट्या कारणाने मिळवल्याने १९९२ मध्ये न्यायालयात कंपनीची बाजू लंगडी पडली. त्याच वर्षी सेगा आणि अकोलेड यांच्या खटल्यात मात्र, सुसंगत खेळ तयार करण्यासाठी यंत्राचा अभ्यास करताना प्रोग्राम उलगडणे हा न्याय्य वापर ठरला. पुढे हौशी मंडळींनी कुलपाच्या चिपचे वर्तन स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये उतरवले, ६५०२ साठी सी भाषेचा ‘सीसी६५’ हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, उपलब्ध झाला, आणि संगीतासाठी ‘फॅमिट्रॅकर’ आला. तरी आरपीजी लिहिणारे अनुभवी लोक लढाईचा आणि नकाशाचा गाभा असेंब्लीतच, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत, लिहितात, कारण सी भाषेत बाइट कोठे गळतात हे पटकन लक्षात येत नाही.

हौशी आरपीजी पुरा होणे किती दुर्मीळ आहे, हे ‘पियर सोलर’वरून कळते. तो फॅमिकॉमसाठी नव्हे, तर त्याहून बऱ्याच दणकट अशा सेगा मेगा ड्राइव्हसाठी होता. २००४ मध्ये काही सेगाप्रेमींनी एकत्र येऊन सुरू केलेला हा प्रकल्प ‘वॉटरमेलन’ या नावाने कंपनीत रूपांतरित झाला आणि कॅसेट प्रत्यक्ष हाती आली ती डिसेंबर २०१० मध्ये. ६४ मेगाबिटांची, म्हणजे ८ एमबीची ती कॅसेट त्या यंत्रासाठी तोवर निघालेल्या कॅसेटांत सर्वांत मोठी होती. गेम बॉय कलरसाठी १९९९ मध्ये सुरू झालेला ‘इन्फिनिटी’ तर प्रकाशक न मिळाल्याने २००१ मध्ये थांबला आणि वीस वर्षांनी लोकवर्गणीवर पुन्हा उभा राहिला. चित्रे आणि प्रोग्राम हौसेने होतात. रखडतात ती गावे, संवाद आणि चाळीस प्रकारच्या राक्षसांचे आकडे.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने घराघरांत आलेली यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्याच नकला होत्या. काडतूस या अर्थी आपण ‘कॅसेट’ हा शब्द वापरला, आणि ती चालेना की तिच्यात फुंकर मारली. पण त्या पिढीच्या आठवणीत मारिओ आहे, काँट्रा आहे, बदके मारण्याची बंदूक आहे; ड्रॅगन क्वेस्ट जवळजवळ नाही. शेकडो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटांत पन्नासेक केबीच्या आतले, साध्या बांधणीचे खेळ भरणे परवडे. आरपीजीला मॅपर हवा, बॅटरी हवी आणि वर जपानी मजकूर, म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीने सगळाच तोटा.

त्यामुळे मराठीत असा खेळ रचायचा तर वारसा जपानी कॅसेटांकडूनच घ्यावा लागतो, आणि तो लिपीच्या बाबतीत अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. फॅमिकॉम पार्श्वभूमीसाठी एका वेळी ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या २५६ फरशा दाखवतो आणि त्यातच नकाशा, चौकटी आणि अक्षरे बसवायची असतात. जपानी खेळांनी अक्षरावरची दोन टिंबे वेगळी काढून वरच्या ओळीतल्या फरशीत ठेवली, त्यामुळे ‘का’ आणि ‘गा’ यांना एकच चित्र पुरले. आपल्या मात्रा आणि अनुस्वारांना हीच सोय लागू पडते. शिरोरेषा तर फरशीच्या कडेपासून कडेपर्यंत काढली की शेजारच्या फरशीला आपोआप जुळते, जे लॅटिन लिपीला कधी लागलेच नाही. अडते ते उकारांशी आणि जोडाक्षरांशी: ‘ष्ट्र’ आठ ठिपक्यांत बसत नाही, आणि सगळी जोडाक्षरे साठवली तर नकाशाला जागा उरत नाही. तिथे कॅसेटमध्ये चित्रांसाठी बदलता येणारी ८ केबी मेमरी घेऊन, लागेल ते अक्षर लागेल तेव्हा जुळवून काढणे हाच मार्ग दिसतो. एक फरशी १६ बाइटांची असते. पडद्याची एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या फटीत प्रोसेसरला सुमारे २,२७० चक्रे, म्हणजे कामाचे ठोके, मिळतात, त्यातली पाचशेहून अधिक हलत्या चित्रांची माहिती पाठवण्यात जातात, आणि उरलेल्यात जेमतेम दहाएक फरशा लिहून होतात. दोन-तीन फरशांची उंच अक्षरे घेतली तर एका फेरीत तीन-चार अक्षरे, आणि गावकऱ्याचे बोलणे पडद्यावर हळूहळू उमटत जाते, जसे ते १९८६ मध्येही उमटत असे.