दूरध्वनी वाहिन्यांतील संकेत पातळीची जुळणी

दूरध्वनी मार्गावरील ठरावीक बिंदूंवर संकेताची शक्ती मोजून, ती अपेक्षेपेक्षा कमी-अधिक आढळल्यास वाहिनी उपकरणातील वर्धन (संकेत वाढवणे) किंवा क्षीणन (तो घटवणे) बदलून योग्य मूल्यावर आणण्याच्या कामाला पातळी जुळणी म्हणतात. संकेत जितका जोरकस तितका चांगला, हा समज येथे घातक ठरतो. पातळी कमी पडली तर बोलणे गोंगाटात बुडते हे खरे. पण ती वाढली तर, येण्या-जाण्याच्या दिशांना वेगळ्या जोड्या असलेला चार तारांचा मार्ग जेथे हायब्रिडमधून, म्हणजे दोन्ही दिशा एका जोडीवर आणणाऱ्या मंडलातून, दोन तारांवर येतो, तेथून परतणारा प्रतिध्वनी बळावतो आणि दोन्ही दिशांचे मिळून वर्धन वाटेतील घटीपेक्षा जास्त झाल्यास वाहिनी स्वतःच शिटी घालू लागते.

पातळी डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल कमी-अधिक या मापात, सांगतात. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. ६०० ओहमच्या भारावर ही शक्ती सुमारे ०.७७५ व्होल्ट दाबाशी जुळते. मात्र एकाच वाहिनीत वेगवेगळ्या ठिकाणी पातळी वेगळी असणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रत्येक बिंदूला सापेक्ष पातळी नेमून देतात आणि तिच्या संदर्भाने मोजलेले मूल्य डीबीएम-शून्य या एककात लिहितात. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या चार-तारी जोडणीत पाठवण्याच्या बाजूस उणे १६ आणि ग्रहणाच्या बाजूस अधिक ७ ही मूल्ये रूढ आहेत. म्हणजे तेथे २३ डेसिबलचे वर्धन हा दोष नसून तशीच योजना असते. बिंदू कोणता हे न सांगता दिलेल्या पातळीला म्हणूनच अर्थ नसतो.

मोजणीसाठी एका वारंवारतेचा चाचणी स्वर सोडतात. अंकीय वाहिनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. स्वर नेमका १,००० हर्ट्झचा असेल तर तेच आठ नमुने पुनःपुन्हा येतात, संकेतकाच्या (नमुन्यांना अंकांचे रूप देणाऱ्या उपकरणाच्या) मोजक्याच पायऱ्या वापरात राहतात आणि वाचन नमुन्यांच्या क्षणांवर अवलंबून डळमळते. यासाठी १,००४ किंवा १,०२० हर्ट्झ घेतात. उलट, आठ सांकेतिक अंकांची हीच पुनरावृत्ती मुद्दाम निर्माण केली की 'अंकीय मिलिवॅट' मिळतो. तो अंकांनीच ठरलेला असल्यामुळे दूरच्या टोकावरील आंदोलकाच्या अचूकतेवर विसंबावे लागत नाही, आणि ही सोय फार मोलाची आहे.

जुळणीचा क्रमही त्यावरूनच ठरतो. आधी अंकीय मिलिवॅट देऊन ग्रहणाची बाजू बसवतात. मग ती खात्रीची झाल्यावर तिच्या आधाराने पाठवण्याची बाजू बसवतात. दोन्ही बाजू एकमेकींना जोडून फक्त एकूण फेरा मोजणे मोहाचे असते, पण पाठवताना २ डेसिबल जास्त आणि घेताना २ डेसिबल कमी असतील तर फेरा निर्दोष दिसतो. हीच वाहिनी दुसऱ्या टोकाच्या उपकरणाशी जोडली की एका दिशेला आवाज दबतो आणि दुसऱ्या दिशेला चढतो. पाठवण्याची पातळी चढण्यालाही मर्यादा आहे: आवाज अंकांत बदलण्याच्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय मानकातील ए-नियम नावाच्या संकेतनात कमाल पातळी अधिक ३.१४ डीबीएम-शून्य आहे. त्यापुढे लहरीचे माथे छाटले जातात.

प्रत्येक वाहिनीला वेगळा वारंवारता-पट्टा देऊन त्या एकत्र पाठवणाऱ्या वारंवारता-विभाजन प्रणालीत चढलेल्या पातळीचा दोष एका वाहिनीपुरता राहत नाही. तेथे सर्व वाहिन्या एकाच वर्धकातून जातात, प्रत्येकीचा सरासरी भार उणे १५ डीबीएम-शून्य धरलेला असतो, आणि एखादी चढलेली वाहिनी वर्धकाला त्याच्या रेषीय मर्यादेबाहेर नेऊन शेजारणींमध्ये गोंगाट उत्पन्न करते. त्यामुळे अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी पूर्ण पातळीचा चाचणी स्वर सोडू नये.

प्रत्यक्ष कामात बहुतेक चुका उपकरणाच्या नसून मापनाच्या असतात. ६०० ओहमचा मार्ग टोकाला भार न जोडता मोकळा ठेवून उच्च रोधाच्या मापकाने मोजला तर वाचन सुमारे ६ डेसिबल जास्त येते. आधीच भार असलेल्या मार्गावर मापकाचा ६०० ओहमचा भारही चढवला तर ते सुमारे ३.५ डेसिबल कमी येते. अशा वाचनावर विश्वास ठेवून वर्धन फिरवले की बरोबर असलेली वाहिनी बिघडते. म्हणून वर्धनाला हात लावण्याआधी मार्गाला भार आहे की नाही हे पाहावे, आणि स्वराची पातळी बसल्यावर ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यातील प्रतिसाद व रिकाम्या वाहिनीतील गोंगाट त्याच भारावर मोजावा.